कामाचे ठिकाण : मक्का

प्रस्तावपत्राचे दुसरे पान मी तीनदा वाचले. पद, पगार, रजा, विमा हे सारे नेहमीच्या साच्यातले होते. ‘कामाचे ठिकाण’ या रकान्यापुढे मात्र एकच शब्द होता : मक्का. ज्या शहरात मुसलमानाखेरीज इतर कोणालाही कायद्याने प्रवेश नाही, त्या शहरात नोकरीसाठी यावे असे एका बौद्ध अभियंत्याला सांगणारे ते पत्र होते. नागपूरला आईला दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा तिला पहिल्यांदा शेतातला मकाच आठवला. ‘‘तिकडं वाळवंटात मका पिकतो का रे?’’ तिने विचारले. मी हसलो, पण रात्री झोप आली नाही.

मुंबईतील ज्या एजंटामार्फत हे पत्र आले होते, त्याला मी दुसऱ्या दिवशी गाठले. त्याच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखे काहीच नव्हते. ‘‘सर, सही करून टाका. तिथे गेल्यावर बघू. तुमच्यासारखे शंभर जण गेलेत.’’ मग थोडे थांबून त्याने दुसरा सल्ला दिला. व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे ‘हिंदू’ लिहावे. ‘बौद्ध’ लिहिले तर तिकडच्या कारकुनाला उलगडा होत नाही, फाईल पडून राहते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, सवय होती. त्याच्या टेबलावर त्या दिवशी चाळीसेक पासपोर्ट असतील.

सही करावी, असे मलाही वाटले होते, हे कबूल करतो. भारतातील नोकरीचा करार दोन महिन्यांत संपणार होता. घराचे कर्ज होते. आणि आपल्यापैकी अनेकांच्या अंगात मुरलेली एक भावना होती : मिळाले हेच पुष्कळ. ज्या घरात पहिल्या पिढीत कोणी साहेब झालेला असतो, त्या घरातला माणूस पगाराविषयी बोलताना चाचरतो. मागणे आणि भीक मागणे यांतला फरक त्याला बुद्धीला कळतो, जिभेला कळत नाही. समोरच्याने पत्र दिले म्हणजे उपकार केले, आता अटी घालून त्याला नाराज कशाला करायचे, असा विचार मनात येतो. स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांना संपावर उतरवणाऱ्या आणि पुढे १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. तरी नोकरी देणाऱ्यासमोर आपला आवाज अर्धा होतो.

त्या रात्री मला बडोद्याची आठवण झाली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनी जो प्रसंग लिहिला आहे, तो आपण सर्वांनी वाचलेला असतो. पण नोकरीच्या कराराची गोष्ट म्हणून तो मी कधी वाचला नव्हता. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार बाबासाहेबांनी केला. म्हणजे काम ठरलेले होते, मुदत ठरलेली होती, धनी उदार आणि सज्जन होता. १९१७ च्या सप्टेंबरात ते कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण घेऊन बडोद्यास पोहोचले, तेव्हा एकच गोष्ट ठरलेली नव्हती : रात्री पाठ कुठे टेकायची.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. हिंदू खानावळीत प्रवेश मिळणार नाही, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. तेव्हा नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोज दीड रुपया द्यायचा, असे व्यवस्थापकाशी ठरले. एकीकडे सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताने घरात घेण्याचे टाळले, आणि कामाठी बागेत पाच तास काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत एका छपराअभावी मोडला.

खोटे नाव लिहिण्यावाचून त्या दिवशी बाबासाहेबांपुढे दुसरा मार्ग नव्हता. सारे शहरच त्यांना बंद होते. माझ्यापुढे मार्ग होता. मला फक्त एक पत्र लिहायचे होते, आणि तेही सही करण्यापूर्वी. बंगल्याचा अर्ज रुजू झाल्यानंतर करावा लागला की तो कसा फिरतो, हे मी नुकतेच पुन्हा वाचले होते.

पत्र लिहिण्याआधी पत्र समजून घेणे भाग होते. प्रस्ताव दोन भाषांत होता, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. सौदी कामगार कायद्यानुसार दोन्हींत तफावत पडली तर अरबी मजकूर प्रमाण मानला जातो; म्हणजे माझे भवितव्य मला न वाचता येणाऱ्या बाजूला लिहिलेले होते. आमच्या जुन्या कार्यालयात महाडचे एक चाचा होते. जेद्द्यात पंधरा वर्षे काढून परतलेले, अरबी लिहिता-वाचता येणारे. डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली होती, ही गोष्ट त्यांना आपल्या घरातल्या गोष्टीसारखी सांगता येते. त्यांनी चष्मा पुसला आणि उजवी बाजू बोटाने वाचत गेले. ‘‘बाळा, इथे नुसतं मक्का अल्-मुकर्रमा लिहिलंय. ‘मिंतका’ नाही लिहिलेलं. मिंतका म्हणजे प्रांत. तो शब्द असता तर गोष्ट वेगळी होती.’’

चाचांच्या त्या बोटाखाली सगळ्या प्रश्नाची किल्ली होती. मक्का हे शहराचे नाव आहे आणि एका मोठ्या प्रांताचेही आहे. जेद्दा हे सौदीचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर याच मक्का प्रांतात येते. डोंगरावरचे थंड हवेचे ताईफ, राबिग, थुवलचे विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, शुऐबाचा वीज आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प, हे सारे मक्का प्रांतातच. या ठिकाणी हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध असे सर्व धर्मांचे लोक काम करतात, कुटुंबासह राहतात. बंदी आहे ती मक्का शहराच्या पवित्र हद्दीत. त्यामुळे पत्रातल्या ‘मक्का’ या शब्दाचे दोन अर्थ होऊ शकत होते. एका अर्थाने मला सन्मानाची नोकरी होती, दुसऱ्या अर्थाने मी विमानातून उतरताच निरुपयोगी होतो. चाचणीकाळात, जो सौदी कायद्यात आता कमाल १८० दिवसांचा असू शकतो, कोणताही पक्ष भरपाई न देता करार संपवू शकतो. ‘तुम्ही साइटवर जाऊ शकत नाही’ एवढे कारणही मग पुरेसे होते.

मी पत्र लिहिले. भाषा साधी ठेवली. प्रस्तावाबद्दल आभार मानले, काम करण्याची इच्छा आहे असे लिहिले, आणि तिसऱ्या वाक्यात आले : मी धर्माने बौद्ध आहे, मक्का शहराच्या हद्दीत मला कायद्याने प्रवेश नाही, तरी माझे नियमित कामाचे ठिकाण ‘जेद्दा, मक्का प्रांत’ असे अरबी आणि इंग्रजी दोन्ही मजकुरांत नोंदवावे. मक्केतील कामाची आरेखने, गणिते आणि तपासण्यांची कागदपत्रे मी जेद्द्याच्या कार्यालयातून करीन. प्रत्यक्ष जागेवरील पाहणी ज्यांना प्रवेश आहे अशा सहकाऱ्याकडे द्यावी. कायद्याचा आधारही एका ओळीत दिला : करारात कामाचे ठिकाण नमूद असलेच पाहिजे, आणि राहण्याची जागा बदलावी लागेल अशी बदली कामगाराच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. धमकीचा सूर येऊ नये म्हणून ती ओळ मी चार वेळा खोडून लिहिली.

पत्र पाठवून नऊ दिवस उत्तर नव्हते. एजंटाने रोज दूरध्वनी केला. पाचव्या दिवशी तो म्हणाला, तुम्ही संधी घालवलीत. सौ.ने मात्र एकच विचारले : ‘‘जेद्दा नाही म्हणाले तर काय गमावलं? जे आपल्याला मिळणारच नव्हतं ते?’’ दहाव्या दिवशी मनुष्यबळ विभागातील बाईंचे दोन ओळींचे उत्तर आले. सर्वांसाठीचा एकच नमुना वापरला गेला होता. ठिकाण दुरुस्त करून पाठवीत आहोत. एवढेच. माझ्या धर्माविषयी त्यात एकही शब्द नव्हता. नऊ दिवस मी ज्या अपमानाची तयारी करीत होतो, तो कोणी केलाच नाही.

ठिकाणाची दुरुस्ती झाली आणि माझा आवाज जरा मोकळा झाला. एकदा ‘हे बदला’ असे लिहून जग बुडत नाही हे कळले, की बाकीचे लिहिता येते. उरलेल्या पत्राकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

एजंटाने ज्या गोष्टी कंपनीच्या मेहेरबानी म्हणून सांगितल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक कायद्यानेच मालकाच्या माथी आहेत. परदेशी कामगार आणण्याचा खर्च, इकामा म्हणजे निवास परवाना आणि काम परवाना काढण्याचे व नूतनीकरणाचे शुल्क, उशीर झाल्यास पडणारा दंड, देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याचे शुल्क, करार संपल्यावर परतीचे तिकीट, हे सारे मालकाने द्यायचे असते. कामगार आणि त्याच्या कुटुंबाचा आरोग्य विमाही. पासपोर्ट कामगाराजवळच राहिला पाहिजे. या गोष्टींसाठी घासाघीस करून आपण आपली ताकद वाया घालवतो, आणि ज्या गोष्टी खरोखर बोलून ठरवायच्या असतात, त्या तशाच राहतात.

त्यांतली पहिली म्हणजे कुटुंबाचे शुल्क. सौदीत पगारावर प्राप्तिकर नाही, हे सगळे सांगतात. जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रित व्यक्तीमागे मासिक शुल्क सुरू झाले आणि जुलै २०२० पासून ते दरमहा ४०० रियाल आहे, हे कोणी सांगत नाही. पत्नी आणि दोन मुले असतील तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. हे कोणी भरायचे, हे करारात लिहिले नसेल तर ते आपणच भरायचे असते. माझ्या प्रस्तावातली बचत कागदावर जितकी दिसत होती, तिचा मोठा भाग या एका ओळीत वाहून जात होता. मी तिघांचेही शुल्क मागितले. कंपनीने दोघांचे मान्य केले. तिसऱ्याचे मी भरतो.

दुसरी गोष्ट पगाराच्या रचनेची. ७,००० रियाल एकूण पगारात मूळ पगार फक्त ३,५०० होता, बाकी घरभाडे, प्रवास आणि ‘इतर’. जादा कामाच्या तासाला जी ५० टक्के वाढ मिळते, ती मूळ पगारावर मोजली जाते. मूळ पगार कमी असला की प्रत्येक जादा तास स्वस्त पडतो, अर्थात मालकाला. मी एकूण रक्कम वाढवा असे म्हटले नाही. ‘इतर’ भत्ता मूळ पगारात मिळवा, एवढेच म्हटले. ते त्यांनी जवळजवळ हसत मान्य केले, कारण त्यांच्या त्या महिन्याच्या हिशेबात काही फरक पडत नव्हता.

सेवा संपताना मिळणाऱ्या रकमेविषयी आपल्या मंडळींत फार गैरसमज आहेत. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचे वेतन आणि त्यापुढे दर वर्षी एका महिन्याचे, शेवटच्या वेतनावर. शेवटचे वेतन ६,००० रियाल असेल तर पाच वर्षांचे १५,००० आणि आठ वर्षांचे ३३,००० होतात. पण स्वतःहून राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही मिळत नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश, त्यानंतर पूर्ण. चौथ्या वर्षी कंटाळून राजीनामा देणारा १२,००० च्या जागी ४,००० घेऊन विमानात बसतो. म्हणून कराराची मुदत किती वर्षांची, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. मुदत संपून करार संपला तर तो राजीनामा ठरत नाही.

व्हिसावर लिहिले जाणारे व्यवसायाचे नावही बघावे. अभियंत्याला ‘तंत्रज्ञ’ किंवा ‘कामगार’ म्हणून आणले की सौदी अभियंता परिषदेतील नोंदणी अडते आणि कुटुंबाला आणण्यातही अडचण येते. आमच्या वस्तीतल्या एका पदविकाधारक तरुणाची पत्नी या एका शब्दामुळे दोन वर्षे नांदेडलाच राहिली.

रजेच्या बाबतीत मी एक मागणी केली, जी मागताना पुन्हा जीभ अडखळली. वार्षिक रजा कायद्याने किमान २१ दिवस आणि पाच वर्षांनंतर ३० दिवस आहे, पण ती केव्हा द्यायची हे मालक ठरवू शकतो. दोन्ही ईद, २२ फेब्रुवारीचा स्थापना दिन आणि २३ सप्टेंबरचा राष्ट्रीय दिन यांची सुट्टी सर्वांना असते. आपल्या दिवसांची सुट्टी अर्थातच नाही, आणि ती त्यांनी द्यावी अशी अपेक्षाही नाही. मी इतकेच मागितले की माझ्याच रजेतील दोन दिवस १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर म्हणून आधीच नोंदवून ठेवावेत. बाईंनी विचारले, हे कसले दिवस? मी लिहिले : एक आमच्या मुक्तिदात्याचा जन्मदिवस, एक त्यांचे महापरिनिर्वाण. त्यांनी दोन्ही तारखा जोडपत्रात टाकल्या. रमजानमध्ये मुसलमान कर्मचाऱ्यांना कायद्याने दिवसाला सहा तासच काम असते. इतरांसाठी कंपनीचा नियम काय, हेही त्याच पत्रात विचारले. आठ तासच, असे उत्तर आले. ठीक आहे, निदान आधी कळले.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ असलेल्या, म्हणजे दहावी न झालेल्या बांधवांचा करार आपले सरकार ई-मायग्रेट यंत्रणेतून तपासते. शिकलेल्यांचा कोणी तपासत नाही. शिकलेला स्वतः वाचेल असे गृहीत आहे, आणि शिकलेला एजंटाच्या बोलण्यावर सही करतो. त्या एजंटाचे शुल्कही ठरलेले आहे : कमाल ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. पावती मागितल्यावर माझ्याकडे मागितलेला आकडा निम्म्यावर आला.

पुढे एकदा ताईफच्या कामासाठी जेद्द्याहून निघालो, तेव्हा तो फाटा प्रत्यक्ष पाहिला. रुंद महामार्ग, आणि वर हिरव्या पाट्या : सरळ रस्ता मुसलमानांसाठी, बाकीच्यांनी वळसा घालून जावे. पाटी जवळ आली तसे पोटात काही हलले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी उभ्या असलेल्यांची मी तिसरी पिढी. असली पाटी आपल्याला निर्विकारपणे वाचताच येत नाही. वळशाच्या रस्त्यावर मी बराच वेळ विचार करीत होतो. काळारामाचे दार ज्यांना बंद होते, त्यांना तोच धर्म आपले म्हणवत होता, त्यांच्याकडून सेवा घेत होता आणि जन्माचे कारण सांगून त्यांना दूर ठेवत होता. महाडला तर प्रश्न पाण्याचा होता. इथे एका धर्माने आपले पवित्र स्थान आपल्या अनुयायांसाठी राखले आहे. त्या अनुयायाचा जन्म कोणत्या घरात झाला हे तिथे कोणी विचारत नाही. हे मला पटते असे नाही. ज्याची दीक्षाभूमी सर्वांना खुली आहे, त्याला बंद दार कोणतेही खुपतेच. पण दोन्ही पाट्या एकच आहेत असेही मला म्हणता आले नाही. शेजारी बसलेला बिहारचा चालक मुसलमान होता. माझ्यामुळे त्यालाही वळसा पडला होता, आणि त्याची त्याला खंत नव्हती. वळशाच्या रस्त्यावर चहा चांगला मिळतो म्हणाला.

सुधारलेले पत्र आल्यावर मी चाचांकडे ते पुन्हा वाचून घेतले. उजव्या बाजूला आता तीन शब्द होते, आणि त्यांतला पहिला जेद्दा होता. मग एजंटाच्या कार्यालयात जाऊन व्हिसाचा अर्ज भरायला बसलो. त्याने संगणक माझ्याकडे वळवला आणि स्वतः दुसऱ्या फाईलमध्ये डोके घातले. धर्माच्या रकान्यापाशी आलो, तेव्हा त्याने मान वर न करता विचारले, ‘‘काय टाकताय?’’ मी सांगितले. तो क्षणभर थांबला.

‘‘स्पेलिंग नीट बघा सर, त्यात दोन डी येतात.’’